मुरगाव हार्बरवरचा 'द सी वुल्व्ज' : पाहिलाय का? आठवणी लिहा

हार्बरकार
काल रात्री टीव्हीवर 'द सी वुल्व्ज' लागला आणि पपांची आठवण आली. १९८० चा सिनेमा. गोष्ट मार्च १९४३ ची : मुरगाव बंदरात अडकलेली एरेनफेल्स ही जर्मन बोट, तिच्यावरचा छुपा ट्रान्समीटर, आणि तो बंद करायला कलकत्त्याहून आलेले पोट सुटलेले हौशी घोडदळवाले. पपा डॉकवर कामाला होते. कॅसेट भाड्याने आणली की बोटीवर चढायच्या सीनला ते रिमोट हातात घ्यायचे. "बघ, शिडीवर हात कसे थरथरतात त्याचे. ओल्या दोरावर असंच होतं." मला तीच या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद वाटते. डेव्हिड निव्हन तेव्हा सत्तरीला टेकलेला, ग्रेगरी पेक साठी ओलांडलेला, आणि कुणीही त्यांना तरुण दाखवायला गेलं नाही. धाप लागते, गुडघे दुखतात, तरी माणसं चढतात.
सलणारी गोष्ट एकच. गोव्यात घडलेल्या गोष्टीत लक्षात राहील असा एक गोंयकार नाही. आम्ही आपले ट्रे घेऊन फिरणारे, नाहीतर कार्निव्हलच्या गर्दीत नाचणारे. तुमच्या घरी काय आठवणी आहेत या सिनेमाच्या, किंवा त्या रात्रीच्या? लिहा.

शेवंती_फोंडा
रॉजर मूर!! बास. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सड्यावरची
आमची आजी मुरगाव बंदराजवळच्या सड्यावर राहायची. सिनेमा तिने कधीच बघितला नाही, पण बोटी जळताना बघितल्या. ती सांगायची, इंत्रुजाचे, म्हणजे कार्निव्हलचे दिवस होते, लोक रात्री जागेच होते, त्यात एकदम समुद्राच्या बाजूला उजेड. मी नंतर कॅलेंडर काढून बघितलं तर खरंच, १९४३ ला १० मार्चला ॲश वेन्सडे, म्हणजे ९ ची पहाट कार्निव्हलच्या शेवटच्या दिवसाची. सकाळी वाऱ्याबरोबर तेलाचा वास घरात आला आणि तिच्या आईने वाळत घातलेले कपडे परत धुतले. कोणी केलं, का केलं, काही कळलं नाही. पाखल्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, विचारायची सोय नव्हती. सिनेमात ही बाजू कुठेच नाही, किनाऱ्यावरून बघणाऱ्यांची.

हार्बरकार
@सड्यावरची ताई, अंगावर काटा आला वाचून. आजींचं अजून काही आठवत असेल तर लिहाच.

दर्यावर्दी६४
थोडं खऱ्या घटनेबद्दल. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, त्यामुळे ब्रिटिश सैन्य उघडपणे बंदरात शिरू शकत नव्हतं. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्सचे हे नागरी स्वयंसेवक. फीबी नावाचा गाळ वाहायचा बार्ज कलकत्त्याहून वळसा घालून आला, माणसं ट्रेनने कोचीनला जाऊन त्यावर चढली. बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन बोट होती, चारही त्यांच्याच खलाशांनी बुडवल्या, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. या लोकांना ना पदक ना सत्कार, १९७८ ला पुस्तक येईपर्यंत सगळं गुलदस्त्यात. सिनेमाने हा आब राखलाय, म्हणून मला तो आवडतो. कमकुवत बाजू म्हणजे मधला तासभर. पार्ट्या, जुगार, मूरचं प्रेमप्रकरण. युद्धपट चाललाय हेच विसरायला होतं.

शेवंती_फोंडा
आले. दादा, ते प्रेमप्रकरण काढलं तर आम्ही काय बघायचं? 😄 मूर तेव्हा बाँड होता, लोक त्याच्यासाठीच जाणार ना. पण खरं सांगते, ती बाई मनाला पटत नाही. जी बाई इतकी हुशार, ती इतक्या पटकन फसते? लिहिणाऱ्याने तिच्यावर मेहनतच घेतली नाही.

पेडणेकर_जुना
माझ्यासाठी युद्धपट म्हणजे चेतन आनंदचा 'हकीकत'. १९६४. लडाखमध्ये जाऊन शूटिंग, मदनमोहनचं संगीत, कैफींची गाणी. काका सैन्यात होते, 'कर चले हम फिदा' लागलं की उठून बाहेर जायचे. त्यातही प्रेमकथा ओढूनताणून आहे, पण १९६२ च्या चीनशी हरलेल्या लढाईवर हरलेल्यांच्या बाजूने सिनेमा काढायला छाती लागते. सी वुल्व्ज शेवटी जिंकलेल्यांची सहल आहे.

सड्यावरची
सहल नका म्हणू हो. माणसं मेली त्या रात्री. एरेनफेल्सचा कप्तानही गेला.

पेडणेकर_जुना
बरोबर आहे ताई. मी सिनेमाच्या सुराबद्दल म्हणत होतो, घटनेबद्दल नाही.

म्हापशेची_नीता
सड्यावर आमची मावशी होती, चर्चच्या खालच्या अंगाला. तुमची आजी कुठे राहायची?

सड्यावरची
@नीता अगं चर्चच्या जवळच! मेसेज कर, ओळख निघेल.

दर्यावर्दी६४
याच हार्बरसमोर १८ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांची अफोंसो द अल्बुकर्क आपल्या नौदलाशी लढली आणि शेवटी किनाऱ्याला लागली. ती लढाई गावातल्या लोकांनी घरातून बघितली. आपल्याकडच्या कुणीतरी त्यावर सिनेमा करावा, आणि तो किनाऱ्यावरून दाखवावा.

हार्बरकार
दादा, त्यासाठी आधी बघणाऱ्यांची बोलणी रेकॉर्ड करायला हवीत, आहेत तोवर. बायणाला आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, रविवारी फोन घेऊन जातोय. अजून कुणाच्या घरी कोणी असेल तर सांगा.

शेवंती_फोंडा
माझे सासरे. तेव्हा वास्कोत शाळेला होते. विचारून ठेवते, ये तू.