पासवर्डची वही बंद करून मॅनेजर वापरावा का?

औंधकर (धागाकर्ता)

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा वाद निघाला आणि शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला गेला, म्हणून इथे मांडतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याची चार-पाचाहून जास्त ऑनलाइन खाती आहेत त्याने पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणारं अॅप, वापरायलाच हवा.

वीजबिल, मिळकतकर, गॅस, पीएफ, डीमॅट, रेल्वेचं तिकीट, मुलांच्या शाळेचं पोर्टल... प्रत्येकाला पासवर्ड लागतो. आपण काय करतो? एकच ठेवतो आणि शेवटी १, २, ३ लावतो. २०२० मध्ये बिगबास्केटची माहिती फुटली, दोन कोटींच्या आसपास ग्राहकांची. त्यातले पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण 'पुणे@१२३' छापाचे पासवर्ड त्यातूनही पटकन उलगडतात. मग मेल आणि पासवर्डची तीच जोडी चोरांचे प्रोग्रॅम बाकीच्या साइटवर लावून बघतात. भाजी मागवायच्या पासवर्डने डीमॅट उघडू नये, एवढंच म्हणणं आहे.

मॅनेजर प्रत्येक साइटसाठी वेगळा, लांबलचक, निरर्थक पासवर्ड बनवतो. आपण फक्त मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. बिटवॉर्डन नावाचा मॅनेजर फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, म्हणजे कुणीही तपासू शकतो. कीपास या दुसऱ्या मॅनेजरची फाइल तर आपल्याच मशीनवर राहते.

पेठेतला_एक

असहमत. सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात ओवायच्या आणि जुडगा परक्याच्या घरी ठेवायचा, याला सुरक्षितता म्हणायचं? २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजर कंपनीचं काय झालं ते धाग्यात सोयीस्करपणे गाळलंय.

हिंजवडी_फेज३

गाळायचं काही कारण नाही, सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर आत शिरले. पुढे कंपनीच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून त्यांनी चाव्या मिळवल्या आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डच्या, बॅकअप प्रती उचलल्या. पासवर्ड त्यात कुलूपबंद होते, साइटचे पत्ते मात्र उघडे होते. पत्ते असे उघडे ठेवणं हा निव्वळ गाढवपणा. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठे न वापरलेला, त्यांची तिजोरी फोडणं जवळपास अशक्य. ज्यांनी तिथेही 'पुणे@१२३' ठेवला, त्यांनी एकेक पासवर्ड बदलत बसायचं.

कंपनीने माती खाल्ली हे मान्यच. पण परक्याच्या घरी नको असेल तर कीपास आहेच की. त्यात सर्व्हर नाही, कंपनी नाही. फाइलचा बॅकअप मात्र स्वतः ठेवायचा, हार्ड डिस्क गेली तर रडायला इथे यायचं नाही.

सहकारनगरच्या_काकू

माझी वही लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली असते. साइटचं नाव डावीकडे, पासवर्ड उजवीकडे, आणि शेवटची दोन अक्षरं मुद्दाम लिहिलेलीच नाहीत, ती फक्त मला माहीत. रशियातल्या चोराला ती हवी असेल तर आधी सातारा रस्त्यावरचा ट्रॅफिक पार करून यावं लागेल. येऊ दे, चहा देईन.

तुमच्या त्या मॅनेजरला फोन लागतो, चार्जिंग लागतं, अपडेट लागतं. वहीला चष्मा पुरतो.

पेठेतला_एक

काकूंना +१. आणि हे काही अडाणीपण नव्हे. ब्रूस श्नायर हा या क्षेत्रातला नावाजलेला माणूस, त्याने २००५ मध्येच लिहून ठेवलंय की चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा.

हिंजवडी_फेज३

याच श्नायरने 'पासवर्ड सेफ' नावाचा पासवर्ड मॅनेजरही बनवला, तेवढं सोडून सगळं सांगितलंत.

काकू, दोन अक्षरं गाळायची युक्ती झकास आहे. पण वहीला खरी आणि खोटी साइट ओळखता येत नाही. हुबेहूब बँकेसारखं पान समोर आलं, पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडे, तर तुम्ही वहीत बघून शांतपणे पासवर्ड टाइप कराल. मॅनेजर पत्ता जुळवून पाहतो. नाही जुळला तर रकाना रिकामाच ठेवतो. आपोआप भरला नाही की तिथेच थांबायचं, पत्ता नीट वाचायचा. माझ्या दृष्टीने सोय वगैरे नंतर, मॅनेजर वापरायचं पहिलं कारण हे.

माजी_शाखाधिकारी

नोकरीभर काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, म्हणून बोलतो. फसलेली माणसं समोर येऊन बसायची, त्यात पासवर्ड चोरीला गेला म्हणून आलेलं मला कुणी आठवत नाही. ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितलेला, 'पैसे जमा होतील' म्हणून यूपीआय पिन टाकलेला. 'आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल' हा मेसेज आठवतो ना? त्यात लोक दिलेल्या नंबरवर फोन करायचे, समोरचा स्क्रीन दिसणारं अॅप टाकायला लावायचा आणि खातं धुऊन न्यायचा. तुमचा मॅनेजर तिथे काय करणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॉसमॉस बँकेचंच घ्या, आपल्या गणेशखिंड रस्त्यावरची. ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हल्ला बँकेच्या एटीएम यंत्रणेवर होता. ग्राहकांनी कितीही लांब पासवर्ड ठेवले असते तरी काय फरक पडला असता?

औंधकर (धागाकर्ता)

साहेब, बँकेपुरतं तुमचं बरोबर आहे. बँकेला ओटीपी आहे. पण मेलचं काय? बाकी सगळ्या साइटचे 'पासवर्ड विसरलात का' तिथे येऊन पडतात. शिवाय आधारची स्कॅन, पॉलिसीची पत्रं, स्टेटमेंटच्या पीडीएफ, ज्यांचा पासवर्ड पॅन नाहीतर जन्मतारीख. ते दोन्हीही त्याच मेलमध्ये कुठेतरी असतंच. आणि मेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावलंय असे तुमच्या ओळखीत किती जण आहेत?

माजी_शाखाधिकारी

मेलचा मुद्दा मान्य. बाकी मतात बदल नाही.

कर्वेनगर_कट्टा

मॅनेजर वापरतो, पण सोय सोय म्हणून नाचू नका. एका बँकेच्या साइटवर पासवर्ड पेस्टच होत नाही, वर माउसने टिचक्या मारायचा कीबोर्ड. वीस अक्षरी अगम्य पासवर्ड तिथे एकेक अक्षर शोधत टाकायचा! अमेरिकेच्या एनआयएसटीने, म्हणजे तिथल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्येच सांगितलंय की पेस्ट करू द्या आणि कारण नसताना दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका. आपल्याकडच्या साइट दोन्ही गोष्टी नेमक्या उलट करतात. अशा ठिकाणी मी चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये जोडून ठेवतो, टाइप करायला सोपं जातं.

सहकारनगरच्या_काकू

ते सगळं ठीक. उद्या मी गेले तर? वही भाच्याच्या हाती लागेल. तुमचा मुख्य पासवर्ड तुमच्याबरोबरच वैकुंठात.

औंधकर (धागाकर्ता)

मुख्य पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात, लिफाफा बँकेच्या लॉकरमध्ये. मी तसंच केलंय.

माजी_शाखाधिकारी

लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर अजिबात करू नका. माणूस गेल्यावर लॉकर उघडायलाच मृत्यूचा दाखला, नॉमिनीची कागदपत्रं, साक्षीदारांसमोर यादी, असं सगळं असतं. नॉमिनी नसेल तर आणखी लांबतं. तोवर वीजबिलापासून विम्यापर्यंत सगळं अडून. लिफाफा घरातच ठेवा आणि कुठे आहे ते एकाला सांगून ठेवा. लॉकर ठेवायचाच तर संयुक्त घ्या.

हिंजवडी_फेज३

बिटवॉर्डनच्या पैसे भरून मिळणाऱ्या योजनेत 'इमर्जन्सी अॅक्सेस' आहे. भाच्याचं नाव आधी घालायचं, मुदत आपण ठरवायची. त्याने विनंती केली आणि तेवढ्या दिवसांत आपण नकार दिला नाही, तर त्याच्यासाठी तिजोरी उघडते.

सहकारनगरच्या_काकू

म्हणजे मी आठ दिवस काशीयात्रेला गेले आणि फोन बंद राहिला, तर भाचा आत?

हिंजवडी_फेज३

मुदत तीस दिवसांची ठेवा, काकू. जास्तीत जास्त नव्वदची ठेवता येते. आणि नुसतं वाचू द्यायचं की पूर्ण ताबा द्यायचा, तेही आधी निवडता येतं. तुम्ही 'नुसतं वाचू द्यायचं' निवडा.