सोयीचं लग्न, मग प्रेम: रीजन्सी कादंबऱ्यांतला हा प्रकार पटतो का?

पिंपळपान:
गेले दोन महिने रीजन्सी रोमान्सचा नुसता फडशा पाडतेय, नवरा विचारतो आज कितवा ड्यूक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रीजन्सी म्हणजे इंग्लंडातली १८११ ते १८२० ही वर्षं, तिसऱ्या जॉर्ज राजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून त्याचा थोरला मुलगा रीजंट होऊन कारभार बघत होता. गोष्ट साधारण ठरलेली: उमरावाची इस्टेट गहाण, व्यापाऱ्याची पोरगी भरपूर पैसा घेऊन येते, दोघं अटी ठरवून लग्न करतात, खोल्या वेगळ्या, आणि अडीचशे पानांनी साहेबांना कळतं की ही दोन दिवस माहेरी गेली तर नाश्ता घशाखाली उतरत नाही.

मला हाच प्रकार सगळ्यात खरा वाटतो. बॉलरूममध्ये नजरानजर होऊन पडलेल्या प्रेमात बघण्यासारखं काय असतं? इथे माणूस रोज समोर बसलेला असतो, पत्र वाचताना भुवई कधी चढते, बिल आलं की आवाज कसा बदलतो, हे हळूहळू कळत जातं. आणि हे खरंच घडलंय. रीजंटचा धाकटा भाऊ विल्यम, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स. १८१७ मध्ये रीजंटची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, पुढच्या पिढीत गादीला वारस उरेना, मग बिनलग्नाच्या काकालोकांची लग्नाची धावपळ. विल्यम ५२ वर्षांचा, डोक्यावर कर्ज, नवरी ॲडिलेड २५ची जर्मन राजकन्या. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं आणि आठवड्याभरात, ११ जुलै १८१८ला लग्न. आणि संसार चांगला झाला हो! दोन्ही मुली तान्ह्या असतानाच गेल्या, तरी शेवटपर्यंत तिने त्याला सांभाळलं.

खडूस_काका:
ताई, धाकटा भाऊ सांगितलात, थोरला कुठे गेला? खुद्द रीजंटचं लग्न पण सोयीचंच की. १७९५, कर्ज सहा लाख पौंडांच्या वर, लग्न केलंस तर पार्लमेंट काहीतरी बघेल म्हणून हा बोहल्यावर चढला. नवरीला पहिल्यांदा बघितलं आणि बाजूच्या माणसाकडे ब्रँडी मागितली. लग्नाला उभा राहिला तो पण टाईट. मुलगी झाल्यावर दोघं वेगळी, आणि १८२१ला ह्याच्या राज्याभिषेकाला ती वेस्टमिन्स्टर ॲबेच्या, म्हणजे राज्याभिषेकाच्या चर्चच्या, दारात आली तर दार लावून घेतलं. हे पण सोयीचंच लग्न, ह्याची कादंबरी कोण लिहीत नाही कारण खपणार नाही.

अवखळ:
हाहाहा ब्रँडी 😂 काका, पण दोघांतला एक तरी सुखी झाला ना?

जुनं_कपाट:
माझा आक्षेप वेगळाय. "सोय" कुणाची? तेव्हाच्या कायद्यात लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याचा, ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नाही, मुलांचा ताबा बापाकडे. घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यायचा, १८५७ पर्यंत हेच. तिच्या हातात काय, तर लग्नाआधी बापाने वकिलाकडून सेटलमेंट लिहून घेतलं असेल तेवढंच, खर्चाला वर्षाचे अमुक पौंड आणि विधवा झाली तर तमुक. कादंबरीत हा कागद कधी दिसतो का? स्पेशल लायसन्स, म्हणजे कुठेही केव्हाही लग्न लावायची खास परवानगी, मात्र दर दुसऱ्या पुस्तकात, जणू कँटरबरीचे आर्चबिशप कोपऱ्यावर बसून वाटतायत. बाकी बरीचशी जनता तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारून लग्न करायची.

पिंपळपान:
लायसन्सचं मान्य, मलाही वैताग येतो. पण कायदा वाईट होता म्हणून माणसं एकमेकांवर माया करतच नव्हती का? आपल्या आज्या कुठे नवरा बघून बोहल्यावर चढल्या होत्या.

जुनं_कपाट:
आजीचं उदाहरण येणारच होतं :) माझी आजी पण "चांगलं झालं" म्हणायची, आणि आजोबा घरात शिरले की रेडिओ बंद करायची. माया नव्हती असं मी म्हणत नाहीये. दुसरीकडे जायची सोयच नाही तेव्हा माया कुठली आणि सवय कुठली हे बाहेरून कसं ओळखणार, आणि लेखिका ते ओळखून आपल्याला शेवटच्या पानावर देते, तिथे मला फसवल्यासारखं वाटतं.

खडूस_काका:
+१. आणि विल्यमच्या गोड संसाराआधीचं पण सांगा. डोरा जॉर्डन, नाटकातली मोठी नटी, वीस वर्षं ह्याच्याबरोबर राहिली, दहा मुलं. पैसेवाली बायको शोधायची म्हणून १८११ला तिला बाजूला केलं, वर तनखा हवा तर परत स्टेजवर जायचं नाही ही अट. ती १८१६ला फ्रान्समध्ये कर्जबाजारी होऊन वारली. ॲडिलेडने सवतीच्या पोरांना प्रेमाने वागवलं हे खरंय, बाई चांगलीच होती. पण सोय झाली ती विल्यमची.

अवखळ:
बापरे हे माहीत नव्हतं. मूड गेला.

पिंपळपान:
जॉर्डनबाईंचं मला नुसतं नाव माहीत होतं, एवढं नाही. तरी माझं मत बदललं नाही, फक्त आता पुस्तक वाचताना वकील शोधत बसणार बहुतेक. सध्याचा ड्यूक पान ४०वर आहे, लग्न लागलं, केक कापला, सेटलमेंटचा अजून पत्ता नाही.