मदत हवी आहे : कोचला माझा मुलगा हवा आहे की आमचे आडनाव?

नमस्कार. हा प्रश्न अमेरिकेतील छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांत मुलांची निवड कशी होते, याविषयी आहे. ज्यांच्या मुलामुलींनी डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या विभागात, कोणताही खेळ खेळला असेल त्यांचे अनुभव मला उपयोगी पडतील, कारण पोहणे असो वा टेनिस, प्रवेशाची वाट साधारण तीच असते. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही ओहायोत राहतो. माझे माहेर नाशिकचे, सासर पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावातले. त्या गावापासून तासाभरावर जेमतेम अठराशे विद्यार्थ्यांचे एक जुने कॉलेज आहे. माझे सासरे १९६८ ते १९७२ या काळात त्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले आणि पुढे नव्वदच्या दशकात माझा नवराही तिथेच खेळला. (नवऱ्याची पहिली दोन वर्षे बाकावर गेली, हे तो स्वतःच हसत सांगतो, म्हणून इथे लिहिते आहे.) व्यायामशाळेच्या दारातून आत गेल्यावर उजव्या भिंतीवर जुन्या संघांची छायाचित्रे आहेत. त्यांत आखूड चड्डी आणि जाड मिशा असलेला, मागच्या रांगेतला तिसरा तरुण म्हणजे माझे सासरे. माझा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून दर नाताळात त्या भिंतीपुढे त्याचे छायाचित्र काढले जाते. त्याची उंची त्या चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत कधी आली आणि वरच्या कडेपर्यंत कधी गेली, याचा हिशेब सासूबाईंच्या अल्बममध्ये आहे.

आता तो बारावीत गेला आहे. उंची सहा फूट दोन इंच, गार्ड म्हणून (चेंडू पुढे नेणाऱ्यांच्या जागेवर) खेळतो, शाळेतले गुण उत्तम आहेत. डिव्हिजन वनचा, म्हणजे सर्वांत वरच्या विभागाचा, खेळाडू तो नाही, याविषयी घरात कोणाचाही गैरसमज नाही. एनबीए या व्यावसायिक लीगमधील मियामी हीटकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन विल्यम्ससारख्या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजातून निघाला, २०१४ मध्ये त्या संघाबरोबर अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मग मिशिगनला बदली घेऊन वर चढला, हे उदाहरण नवरा अधूनमधून देतो. पण असे किती जण, हे त्यालाही कळते.

माझ्या आईला फोनवर हे सगळे समजावताना तिने विचारले, "खेळायचे पैसे देत नाहीत, तर मग निवड केली म्हणजे नेमके काय केले?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इथल्या अनेक वाचकांनाही तो पडेल, म्हणून थोडे सांगते. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग केले. त्यांपैकी तिसऱ्या विभागात आज चारशेहून अधिक कॉलेजे आहेत आणि तिथे खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती देता येत नाही; इतकेच काय, आर्थिक मदत ठरवताना मुलगा खेळाडू आहे ही गोष्ट विचारातच घ्यायची नसते. त्यामुळे कोचच्या हातात उरते ते एकच : प्रवेश समितीकडे जाऊन 'हा मुलगा मला हवा आहे' असे सांगणे. ज्या कॉलेजांत प्रवेश मिळणे अवघड असते तिथे या शब्दाला मोठे वजन असते, आणि म्हणूनच असे शब्द कोचला मोजूनमापून मिळतात. अनेक ठिकाणी अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मुलाची गुणपत्रिका आणि बारावीच्या विषयांची यादी प्रवेश कार्यालयाला दाखवतो. याला 'प्री-रीड' म्हणतात. तिकडून अनुकूल उत्तर आले, तर कोच मुलाला 'अर्ली डिसिजन'मध्ये, म्हणजे प्रवेश मिळाल्यास येणारच अशा बांधिलकीने, अर्ज करायला सांगतो.

आता आमची अडचण. जुलैत आम्ही त्या कॉलेजला भेट दिली. मुख्य कोचने फार अगत्याने स्वागत केले आणि त्या भिंतीपाशी उभा राहून तो माझ्या नवऱ्याशी जवळजवळ चाळीस मिनिटे बोलला. जुना कोच, जुने सामने, व्यायामशाळेच्या नव्या लाकडी जमिनीसाठी माजी खेळाडूंकडून चाललेली निधी उभारणी, असे सगळे विषय झाले. त्या वेळी मुलगा पाण्याची बाटली हातात घेऊन बाकावर बसला होता. नंतर जो भेटेल त्याला कोच त्याची ओळख 'आमची तिसरी पिढी' अशी करून देत होता. निघताना त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवून 'तू तर घरचाच आहेस' असे म्हटले. परतीच्या चार तासांच्या प्रवासात मुलगा फारसे बोलला नाही. घर आल्यावर गाडीतून उतरताना त्याने एवढेच विचारले, "आई, त्यांनी माझा एक तरी सामना पाहिला असेल का?"

त्याच आठवड्यात मिनेसोटामधील एका कॉलेजच्या सहायक कोचचा ईमेल आला. त्या कॉलेजशी आमचा काडीचाही संबंध नाही. उन्हाळी स्पर्धेत त्याने मुलाचे तीन सामने पाहिले होते, आणि ईमेलच्या दुसऱ्याच ओळीत लिहिले होते की समोरचा गार्ड याच्या डाव्या बाजूने घुसला की याचा पाय वळायला उशीर होतो, मात्र चुकल्यावर हा थांबत नाही, मागे धावत जाऊन चेंडू हिसकावतो आणि असा मुलगा आम्हाला हवा आहे. माझ्या मुलाने तो ईमेल किती वेळा वाचला असेल, मला ठाऊक नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी गॅरेजसमोर खडूने रेषा मारून त्याचा डाव्या पायाचा सराव चालू आहे.

घराण्याचा वारसा म्हणजे वाईटच, असे माझे मत नाही. छोट्या कॉलेजांचा बास्केटबॉल तर अशा नात्यांवरच उभा आहे. स्टॅन व्हॅन गंडी पुढे एनबीएत मोठा कोच झाला, पण कॉलेजात तो ब्रॉकपोर्ट इथे आपल्या वडिलांच्याच हाताखाली खेळला होता. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात डेव्हिड आर्सेनो यांनी पाच-पाच खेळाडूंचे ताफे भराभर बदलत खेळण्याची अचाट पद्धत आणली. तिथे २०१२ मध्ये एका खेळाडूने एका सामन्यात १३८ गुण केले होते. आर्सेनो यांचा मुलगा याच पद्धतीत खेळला, २००७ मध्ये त्याने एका सामन्यात ३४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) दिले आणि पुढे तोच त्या संघाचा मुख्य कोच झाला. तिथे घराण्याबरोबर खेळही पुढच्या पिढीकडे गेला. आमच्या बाबतीत खेळ जातो आहे की फक्त चौकटीतले छायाचित्र, हे मला उमगत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कोच तोंडाने 'पाठिंबा देईन' म्हणतो, तेव्हा त्याने प्रवेश कार्यालयाकडे खरोखर नाव दिले आहे की नाही, हे उद्धट न वाटता कसे विचारावे? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य देण्याची प्रथा अॅमहर्स्ट कॉलेजने २०२१ मध्ये आणि वेस्लियन विद्यापीठाने २०२३ मध्ये बंद केली, पण आमच्या या कॉलेजात ती अजून चालू आहे. मग 'हा वडील-आजोबांच्या नावावर आत येईलच' असे गृहीत धरून कोच आपला मोजका पाठिंबा दुसऱ्याच मुलासाठी राखून ठेवील, असे होऊ शकते का? वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे असताना अर्ली डिसिजनची बांधिलकी पत्करण्याआधी आर्थिक मदतीचा अंदाज कितपत खात्रीने मिळतो? आणि शेवटचा प्रश्न खेळाचा नाही : मुलाने मिनेसोटा निवडले, तर सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना ते कोणी आणि कसे सांगायचे? नवरा म्हणतो, तू सांग. हे काही मला पटलेले नाही.

प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय, होऊ शकते' असे आहे. माझी मुलगी डिव्हिजन थ्रीमध्ये चार वर्षे व्हॉलीबॉल खेळली, त्या अनुभवावरून लिहितो. कोच माणूस म्हणून वाईट असतो असे नाही, पण त्याच्याकडचे शब्द मोजके असतात आणि जो उमेदवार त्याच्या मते फुकट पदरात पडणार आहे त्याच्यासाठी तो ते खर्च करत नाही. शिवाय खेळाडूंच्या बदल्या सोप्या झाल्यापासून वरच्या विभागांतील कोच शाळेतून येणाऱ्या मुलापेक्षा दोन वर्षे कॉलेजात खेळलेला खेळाडू पसंत करतात, त्यामुळे बरीच चांगली मुले खालच्या विभागांकडे वळतात आणि आपल्या मुलाच्या जागेवर आपल्याला न दिसणारे स्पर्धक असतात.

विचारायचे कसे, तर आडपडदा न ठेवता. माझे नाव प्री-रीडसाठी गेले का? गेले असल्यास उत्तर काय आले? माझ्या जागेसाठी या वर्षी तुम्ही आणखी किती जणांशी बोलत आहात? मागच्या तीन वर्षांत प्री-रीड अनुकूल येऊनही अर्ली डिसिजनमध्ये किती मुलांना नकार मिळाला? हे चार प्रश्न कोणत्याही कोचला नवे नसतात. उत्तर गोल गोल आले, तर तेच उत्तर समजावे. मात्र प्रश्न मुलाने स्वतः विचारावेत, आईवडिलांनी नव्हे, आणि तुमच्या बाबतीत वडिलांनी तर मुळीच नव्हे, कारण ते फोनवर आले की विषय पुन्हा लाकडी जमिनीवर जाईल.

पैशांबाबत सांगायचे, तर प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च पडेल याचा अंदाज देणारे साधन) असते, ते भरा. पण त्यावर न थांबता आर्थिक मदत कार्यालयाला आगाऊ अंदाज लेखी मागा. मदत पुरेशी मिळाली नाही, तर अर्ली डिसिजनच्या बांधिलकीतून मोकळे होता येते, मात्र त्या वेळी हाताशी लेखी अंदाज असलेला बरा. प्रवेश ठरल्यावर शाळेत टाळ्यांच्या गजरात ज्या कागदावर सही होते, तो डिव्हिजन थ्रीत निव्वळ समारंभापुरता असतो. त्याने ना कॉलेज बांधले जाते ना मुलगा. आणखी एक गोष्ट तुमच्या आईंनाही सांगा : पैसे खेळाचे नसल्यामुळे गुडघा गेला किंवा खेळ नकोसा झाला तरी मदत जात नाही. म्हणून बास्केटबॉल वजा करूनही त्या गावात चार हिवाळे काढता येतील का, हे मुलाला विचारा. मिनेसोटाच्या बाबतीत तर नक्की विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दहा दिवसांनी लिहिते आहे. मुलाने दोन्ही कोचना स्वतः फोन केला. मिनेसोटाच्या कोचने स्पष्ट सांगितले की प्री-रीड अनुकूल आला आहे, गार्डच्या दोन जागांसाठी पाच मुलांशी बोलणे चालू आहे आणि हा त्यांत दुसरा आहे. सासरच्या कॉलेजचा कोच पहिल्या प्रश्नालाच थोडा थबकला आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "खरे सांगू? तू येणारच असे मी धरून चाललो होतो, त्यामुळे तुझे कागद अजून पाठवलेलेच नाहीत." तुमचा अंदाज इतका अचूक ठरेल, असे वाटले नव्हते. आता त्याने कागद मागवून घेतले आहेत आणि पुढच्या स्पर्धेला स्वतः येतो म्हणाला आहे. अर्ज कुठे करायचा, हे मुलगा सप्टेंबरअखेर मिनेसोटाला जाऊन आल्यावर ठरवेल. तिकडचा आर्थिक अंदाजही लेखी मागितला आहे.

सासऱ्यांना शेवटी मीच सांगितले. रविवारी जेवण झाल्यावर टेबल आवरता आवरता विषय काढला आणि 'कदाचित तो दुसरीकडे जाईल' असे म्हणून त्यांच्याकडे न बघता ताटल्या विसळत राहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा मागवला आणि मिनेसोटाच्या कोचचा तो ईमेल फोनवर मोठ्या अक्षरांत उघडून द्यायला सांगितला. दुसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. "डावा पाय," ते म्हणाले, "मी दोन वर्षे हेच सांगतो आहे, माझे कोणी ऐकत नाही," आणि काठी घेऊन ते गॅरेजकडे गेले.