मागे घेतला म्हणजे लबाडीच?

शोधनिबंध मागे घेतला म्हणजे आकड्यांत लबाडी असणारच, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढतो, डीएनएतही ते वापरतो, हा २०१० चा दावा आठवतोय? नासाने पत्रकार परिषद घेऊन केवढा गाजावाजा केला होता! सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी लगेच त्याची चिरफाड केली. ज्या द्रावणात जीवाणू वाढवले त्यात थोडं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच संयुग, होतंच, आणि डीएनए नीट शुद्ध केलेलं नव्हतं. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगांनी दावा खोडला. हा निबंध छापणाऱ्या 'सायन्स' या नियतकालिकाने मात्र तो मागे घेतला थेट जुलै २०२५ मध्ये, तोही लबाडीचा आरोप न ठेवता. लेखकांना ते मान्य नाही, आणि मला त्यांच्या तक्रारीत दम वाटतो. खंडन छापून झालंच होतं की, मग निबंध मागे कशाला घ्यायचा!