हजार वेळा चालवून क्रॅश आला नाही, म्हणजे बग गेला का?

तिसरा_धागा:
आमच्या टीमने परवा ग्राफिक्स ड्रायव्हरमधला एक क्रॅश "टेस्ट हजार वेळा चालवली, पुन्हा आला नाही" असा शेरा मारून बंद केला. माझ्या मते ही टेस्टिंग नव्हे, नवस आहे.

बग असा. जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) बफरांचा, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांचा, एक तक्ता असतो. एक थ्रेड (प्रोग्रॅममधला समांतर चालणारा कामाचा धागा) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घेऊन तक्त्यात बफर शोधतो, लॉक सोडतो आणि मग बफरची रेफरन्स गणती (तो किती जण वापरताहेत तो आकडा) वाढवतो. या दोन पायऱ्यांमध्ये जेमतेम दोन-चार इन्स्ट्रक्शन. नेमक्या त्याच फटीत दुसऱ्या थ्रेडने शेवटचा रेफरन्स सोडला, तर बफर फ्री होतो आणि पहिल्याच्या हातात मेलेला पॉइंटर उरतो. एकच मशीन, तीच टेस्ट, तोच लोड. थ्रेडांचा क्रमही दरवेळी जवळपास तोच पडतो. म्हणजे हजार वेळा नाही हो, एकदाच तपासलंत तुम्ही.

माझा आग्रह असा की मेसासारखा खुला ग्राफिक्स ड्रायव्हर थ्रेडसॅनिटायझर (टीसॅन, थ्रेडांमधली टक्कर शोधणारं साधन) लावून बिल्ड करावा, लव्हापाइपवर, म्हणजे जीपीयूऐवजी सीपीयूवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर रेंडररवर चालवावा, आणि नवी तक्रार दिसली की मर्ज, म्हणजे नवा कोड मुख्य कोडात घेणं, अडवावा. (धाग्यांवरच धागा काढलाय, हसून घ्या.)

जुना_हेडफोन:
सपशेल असहमत. टीसॅनने कोड पाच ते पंधरा पट हळू होतो, मेमरीही पाच ते दहा पट लागते. आमच्या टेस्ट आधीच रात्रभर चालतात, आता काय आठवडाभर बसू?

दुसरं, टीसॅनला फक्त त्याच्यासोबत कंपाइल झालेला कोड दिसतो. लव्हापाइप शेडरचा (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) मशीन कोड एलएलव्हीएम या कंपायलर-संचाकडून चालता चालता तयार करून घेतो. त्यातली एकही मेमरी अ‍ॅक्सेस टीसॅनला दिसत नाही. गेमची बायनरी बंद पेटीतली, तीही दिसत नाही. खऱ्या हार्डवेअरवर तर जीपीयू स्वतःच मेमरीत लिहितो. अर्ध्या गावाला दारं नाहीत आणि तुम्ही वेशीवर पहारा बसवताय.

तिसरा_धागा:
शेडरच्या कोडबद्दल मान्य. पण माझा बग शेडरमध्ये नाही, तक्त्याच्या साध्या सी कोडमध्ये आहे. तिथे टीसॅन सगळं बघतो. आणि त्याला अपघात प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. दोन अ‍ॅक्सेसच्या मध्ये कुठलाच क्रम बांधलेला नसेल, तर एका सुरळीत रनमध्येही तो बोट ठेवतो.

जुना_हेडफोन:
थांबा. तुमची गणती अ‍ॅटॉमिक (मध्येच न तुटता एका झटक्यात होणारी) आहे ना? आणि तक्ता लॉकखाली?

तिसरा_धागा:
हो, दोन्ही.

जुना_हेडफोन:
मग सुरळीत रनमध्ये टीसॅनला तक्रार करायला जागाच नाही! प्रत्येक अ‍ॅक्सेस लॉकने किंवा अ‍ॅटॉमिकने झाकलेली आहे. चूक क्रमाच्या विचारात आहे, डेटा रेस (क्रम न बांधता दोन थ्रेडांनी एकाच मेमरीला हात घालणं, त्यातला एक लिहिणारा) नाहीच. ज्या बगसाठी हा धागा काढलात तो तुमचं हत्यार पकडत नाही.

तिसरा_धागा:
...हे लागलं. माझंच चुकलं.

घाटावरची_मनी:
दोघेही लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, विसरताय. लॉकडेप हे तपासणीचं साधन २००६ पासून कर्नलमध्ये आहे. लॉक कुठल्या क्रमाने घेतले जातात हे तो लक्षात ठेवतो, त्यामुळे डेडलॉक (थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं) न होताच "इथे होऊ शकतो" असं सांगतो. कर्नलमधल्या डेटा रेस शोधणारा केसीसॅन आला लिनक्स ५.८ मध्ये, २०२० साली. तो एखाद्या पत्त्यावर पाळत ठेवतो, त्या थ्रेडला मुद्दाम थोडं थांबवतो (नेहमीच्या सेटिंगला ८० मायक्रोसेकंद) आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे हात घालतंय का ते बघतो. मला यातली थांबवण्याची युक्ती खरी मोलाची वाटते. साधनं बदलत राहतील, पण थ्रेडांचा क्रम कोणीतरी मुद्दाम बिघडवायलाच हवा.

वल्कन_वेडा:
आधी टेस्ट तरी बरोबर आहे का ते बघा. वल्कनमध्ये (अ‍ॅपने जीपीयूशी बोलायचा २०१६ चा इंटरफेस) बऱ्याच ठिकाणी लॉकची जबाबदारी अ‍ॅपवर टाकलेली आहे. एकाच क्यूवर (जीपीयूला कामं देण्याच्या रांगेवर) दोन थ्रेडमधून विनालॉक सबमिट केलं, तर दोष तुमचा, ड्रायव्हरचा नाही. व्हॅलिडेशन लेयर, म्हणजे वापर नियमात आहे का ते तपासणारा थर, लावलात तर तो हे सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका "ड्रायव्हर क्रॅश"वर मी दोन दिवस घातले, आणि चूक निघाली टेस्टमध्ये. तेव्हापासून लेयर लावल्याशिवाय तक्रार वाचतच नाही.

गंजका_खिळा:
रस्ट भाषेत लिहा, मेमरीच्या चुका कंपायलरच पकडतो, विषय संपला. अ‍ॅपलच्या एम१ चिपवर लिनक्स चालवणाऱ्या 'असाही' नावाच्या प्रकल्पाचा जीपीयूचा कर्नल ड्रायव्हर रस्टमध्येच आहे.

घाटावरची_मनी:
@गंजका_खिळा: हा पॉइंटर सुरक्षित रस्टमध्ये लटकला नसता, मान्य. पण "आधी बघ, मग कर" यातली फट रस्टही बुजवत नाही. दोन वेगळ्या लॉकखाली नीट लिहिलेला चुकीचा क्रम कंपायलर आनंदाने स्वीकारतो. आणि जीपीयूचा फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्रॅम) तुमचे बॉरो नियम, म्हणजे रस्टचे मेमरी वापराचे नियम, वाचत नाही.

तिसरा_धागा:
मनीताईंचं ऐकून लॉक सोडणं आणि गणती वाढवणं यांच्यामध्ये पन्नास मायक्रोसेकंदांची झोप घातली. तिसऱ्याच फेरीत क्रॅश.

जुना_हेडफोन:
झोप घातल्यावर कोणीही पडेल. तेवढा विलंब ग्राहकाच्या मशीनवर येतो का?

तिसरा_धागा:
शेड्युलर कुठल्याही इन्स्ट्रक्शननंतर थ्रेडला कोरवरून उतरवू शकतो, आणि मग तो मिलिसेकंदांनी परत येतो. आमच्या टेस्ट मशीनवर बत्तीस कोर मोकळे असतात, म्हणून तिथे असं सहसा होत नाही. चार कोरच्या लॅपटॉपवर ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि गेम एकत्र चालवून बघा. बंद केलेला बग मी पुन्हा उघडलाय. आता गणती लॉकच्या आतच वाढवतोय.

जुना_हेडफोन:
तेवढ्याने भागणार नाही. सोडणारा थ्रेड गणती शून्यावर लॉकबाहेर आणत असेल, तर तुम्ही लॉकच्या आत मेलेल्यालाच जिवंत कराल. तोही कोड टाका, मग बोलू.