अनुभव धागा: प्रोजेक्ट सेव्ह केला, पण फाइलमध्ये नेमकं गेलं काय?

अ‍ॅनिमेशनवाल्यांना फाइल गेल्याच्या गोष्टी सांगायला निमित्त लागत नाही. इथे मात्र नुसती हळहळ नको. सॉफ्टवेअर कोणतं, फाइलमध्ये काय आलं, काय बाहेर राहिलं आणि तेव्हापासून तुम्ही काय वेगळं करता, ते लिहा. टूडी, थ्रीडी, मोशन ग्राफिक्स, सगळं चालेल.

*

सहकाऱ्याने आफ्टर इफेक्ट्सचा (मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट पाठवला, जेमतेम काही मेगाबाइटचा. उघडला तर फुटेजच्या जागी सगळीकडे रंगीत पट्टे. त्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, तो डिस्कवर कुठे आहे याचा पत्ता असतो. आता आमची देवाणघेवाण ‘कलेक्ट फाइल्स’ करूनच होते, म्हणजे प्रोजेक्ट आणि त्याचं फुटेज एकाच फोल्डरमध्ये गोळा करून. फॉन्ट तरीही त्यात येत नाहीत, ते वेगळे मागून घ्यावे लागतात.

*

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या कोटासाठी तीन मटेरियल (पृष्ठभागाचा रंग-पोत ठरवणाऱ्या सेटिंग्ज) केली, एक लावलं, सेव्ह केलं. पुन्हा उघडलं तर उरलेली दोन गायब! कोणीच वापरत नसलेलं मटेरियल फाइलमध्ये लिहिलं जात नाही. नावाशेजारच्या ढालीवर क्लिक केलं की त्याला ‘फेक यूजर’ मिळतो आणि ते टिकतं.

*

मी माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकवते. मुलांना सांगते, एमबी (माया बायनरी) नको, एमएमध्ये (माया आस्की) सेव्ह करा. फाइल मोठी होते, उघडायला वेळ घेते, पण ती साधा मजकूर असते. एका विद्यार्थिनीचा सीन तिच्याकडे नसलेल्या प्लगइनपाशी अडत होता. फाइल नोटपॅडमध्ये उघडली, वरच्या ‘रिक्वायर्स’ने सुरू होणाऱ्या ओळींतली त्या प्लगइनची ओळ काढली, सीन उघडला. टेक्श्चरचे, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रांचे, पत्ते दुसऱ्याच ड्राइव्हचे होते, तेही तिथेच फाइंड-रिप्लेसने बदलले. हे सगळं अर्थातच प्रतीवर. एमबीत हे करून दाखवा!

*

नाही दाखवता येणार, मॅडम. पण जड सीनला एमबीच बरी. आम्ही रोजचं काम एमबीत करतो आणि एकेक टप्पा संपला की एमएची एक प्रत काढून ठेवतो.

*

टूडीतल्या ओपनटून्झवाले कोणी आहे का इथे? ‘सेव्ह सीन’ने एक्सशीट (कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र, याचा तक्ता) आणि कॅमेरा जपला जातो. चितारलेली लेव्हल, म्हणजे चित्रांची मालिका, वेगळ्या फाइलमध्ये, तिचे रंग तिसऱ्याच. ‘सेव्ह ऑल’ची सवय लावून घ्या. हार्मनी या दुसऱ्या टूडी सॉफ्टवेअरमध्येही सीन म्हणजे अख्खा फोल्डर, एकटी एक्सस्टेज फाइल पेनड्राइव्हवर नेली तर चित्रं मागेच राहतात.

*

ऑटोसेव्हचं नावच कोणी काढलं नाही. ब्लेंडरमध्ये तो मूळ सेटिंगला दर २ मिनिटांनी होतो, टेम्प फोल्डरमध्ये. मला त्याहून ‘ब्लेंड१’ शेपटीची फाइल कामाची वाटते. सेव्ह करताना आधीची फाइल त्या शेपटीने शेजारी राहते, शेवटचा १ पुसला की सरळ उघडते. रिग (पात्र हलवायचा सांगाडा) बिघडल्यावर एकदा सेव्ह झालं असेल तर ती वाचवते, दोनदा झालं असेल तर तीही बिघडलेलीच. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये ‘सेव्ह व्हर्जन्स’ १ वरून ५ वर नेलं आहे. शिवाय ‘सेव्ह अ‍ॅज’च्या खिडकीत अधिकचं चिन्ह दाबलं की नावातला आकडा आपोआप वाढतो. ही सोय फार जणांना माहीत नसते.

*

क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरची केआरए फाइल उघडेनाशी झाली तर तिच्या प्रतीला झिपची शेपटी लावून पाहा. मुळात ती झिपच असते, आत ‘मर्ज्डइमेज’ नावाचं पीएनजी सापडतं. मला त्यातून एकच फ्रेम मिळाली. बाकीच्या नव्याने काढल्या, पण रंग ठरवण्यावरून दिग्दर्शकाशी झालेली हुज्जत दुसऱ्यांदा घालावी लागली नाही.