नवे वेब तंत्रज्ञान केव्हा स्वीकारावे आणि केव्हा थांबावे?

मांडवीकर (वडोदरा) :

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात वेबसाइट तयार करण्याचे आमचे लहानसे कार्यालय आहे. २०११ पासून हे काम करतो आहे. माझ्यासह तिघेजण आहोत आणि आमचे बहुतेक ग्राहक मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले, पंप, व्हॉल्व्ह आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानदार आहेत. त्यांच्यापैकी एकासाठी २०१५ साली मालाची सूची आणि मागणी नोंदवण्याची संपूर्ण व्यवस्था मी अँगुलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट उभारण्याच्या तयार सांगाड्यात) उभी केली. त्या वेळी हा निर्णय सर्वस्वी योग्य वाटला होता, कारण काम झपाट्याने होत होते, माहिती मुबलक होती आणि ज्याला विचारावे तो तेच वापरत होता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, अँगुलरची दुसरी आवृत्ती आली, आणि ती इतकी निराळी होती की जुना कोड तिच्यात नेणे म्हणजे बहुतांशी नव्याने लिहिणेच होते. जुन्या शाखेचा आधार, म्हणजे कर्त्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. म्हणजे मला पाच वर्षांची मुदत मिळाली होती आणि मी ती वापरली नाही. हा दोष माझाच आहे. गेल्या वर्षी त्या ग्राहकाच्या एका मोठ्या खरेदीदाराकडून सुरक्षेची प्रश्नावली आली. तिच्यात ‘वापरात असलेल्या प्रत्येक लायब्ररीला सध्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात काय?’ असा प्रश्न होता (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), आणि त्यापुढे आम्हाला ‘नाही’ असे लिहावे लागले. चौदा वर्षांच्या कामात मला इतके वाईट क्वचितच वाटले असेल.

आता ती व्यवस्था पुन्हा लिहायची आहे. माझे दोन्ही सहकारी तरुण आणि हुशार आहेत. त्यांच्यापैकी एक कलाभवनातून, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतून, शिकून आलेला आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो एखादे नवे फ्रेमवर्क उत्साहाने दाखवतो. त्याला नाही म्हणताना माझ्याकडे अनुभवाची भीती असते, पण सांगता येईल असे कारण नसते, आणि हो म्हणतानाही कारण नसतेच. ही व्यवस्था आठ-दहा वर्षे चालेल, असा शब्द मी ग्राहकाला देऊ इच्छितो. काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपण कोणत्या कसोटीवर ठरवता? आणि रोज येणाऱ्या नव्या गोष्टींपैकी किती वाचता?


सुरसागर :

मांडवीकर, आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी १९९९ पासून या कामात आहे. आमच्या सुरुवातीच्या मराठी वेबसाइटींमध्ये प्रत्येक संस्था आपापला फॉन्ट वापरत असे. पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात भलतेच रोमन अक्षर साठवलेले असे, आणि वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर पान म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. शोधयंत्राला तो मजकूर मराठी आहे हेच कळत नसे. युनिकोड तेव्हाही उपलब्ध होते. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे आणि विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोयही आली होती. परंतु ‘सध्या सगळे फॉन्टच वापरतात’ म्हणून आम्हीही तेच केले. पुढे एका संस्थेचा सहा वर्षांचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका मी स्वतः ओळीओळीने तपासल्या आहेत. पानांची मांडणी, रंग आणि मेन्यू आम्ही त्या काळात तीनदा बदलले आणि त्याचा त्रास कोणालाही झाला नाही. त्रास झाला तो फक्त मजकुराचा, कारण तो टिकायचा होता आणि आम्ही त्याला न टिकणाऱ्या साच्यात भरला होता.

त्यावरून माझी कसोटी ठरली. आपल्या व्यवस्थेतल्या कोणत्या भागाचे आयुष्य किती आहे, हे आधी पाहावे. मालाचे क्रमांक, मोजमापे आणि दहा वर्षांच्या मागण्यांच्या नोंदी तो कारखाना चालू असेपर्यंत लागणार आहेत. त्यांना साधा, सर्वमान्य, रिलेशनल (तक्त्यांत माहिती ठेवणारा) डेटाबेस द्यावा आणि तिथे कोणताही प्रयोग करू नये. सूचीची पाने त्याखालोखाल टिकतात. ती सर्व्हरवर तयार होणाऱ्या साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या मूळ भाषेत) असावीत. ब्राउझरच्या बाबतीत एक गोष्ट फार मोलाची आहे, ती अशी की जुने एचटीएमएल मोडू द्यायचे नाही हा दंडक तिथे कसोशीने पाळला जातो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत लिहिलेले सुरुवातीचे पान आजच्या मोबाइलवरही उघडते. मागणी भरण्याचा पडदा मात्र पाच-सहा वर्षांत बदलणारच आहे, त्यामुळे फ्रेमवर्क घ्यायचेच असेल तर ते तिथे घ्यावे.

दुसरा प्रश्न मी असा विचारते : ही वस्तू उद्या काढायची झाली, तर किती फाइली उघडाव्या लागतील? अँगुलरजेएसमध्ये त्याची खास गुणनामे (ॲट्रिब्यूट) प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्येच लिहावी लागत, म्हणून उत्तर ‘सगळ्या’ असे होते. याउलट तारखांसाठी आम्ही मोमेंट नावाची लायब्ररी वापरत होतो. तिच्या कर्त्यांनीच सप्टेंबर २०२० मध्ये, नव्या कामांत ती घेऊ नये, असे जाहीर केले. आमच्याकडे तारखेचे सगळे काम एकाच फाइलमधून होत असल्यामुळे एका दुपारी ती काढून टाकता आली.

आणि थांबण्यातही फायदा असतो. २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही लायब्ररी आणली तेव्हा तिची गरज खरी होती, कारण प्रत्येक ब्राउझर वेगळा वागत असे. पुढे तिच्यातल्या बहुतेक सोयी ब्राउझरमध्येच आल्या. तारीख निवडण्याच्या चौकटीचेही तसेच झाले. पानावर उघडणाऱ्या संवाद-चौकटीसाठी आम्ही वर्षानुवर्षे निरनिराळ्या लायब्रऱ्या वापरल्या, आणि मार्च २०२२ पासून तीच गोष्ट सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये एका टॅगने होते.

इथे एक सावधगिरी सांगते. एखादी सोय ब्राउझरमध्ये दिसली म्हणजे ती वेबची झाली, असे मानू नये. वेब एसक्यूएल नावाचा डेटाबेस क्रोम आणि सफारी या दोन्हींत होता. फायरफॉक्सने तो कधीच घेतला नाही, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्याचे प्रमाणीकरण थांबले. कारण सर्वांची अंमलबजावणी एसक्यूलाइट या एकाच डेटाबेस-प्रणालीवर उभी होती, आणि स्वतंत्रपणे केलेली दुसरी अंमलबजावणी असल्याशिवाय ते प्रमाण ठरू शकत नव्हते. त्यानंतरही अनेकांनी तो वापरला. आज तो सफारीतही नाही आणि क्रोममध्येही नाही.


फतेगंज :

सुरसागरताईंनी आयुष्यमानाची कसोटी सांगितली, ती मला पूर्ण पटते. थांबण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मी वयाने आणि अनुभवाने लहान आहे, चुकत असल्यास सांगावे.

मांडवीकर काका, आपण २०१५ साली अँगुलरजेएस घेतले ही चूक होती असे मला वाटत नाही. २०१६ ते २०२१ या काळात त्याच्या देखभालीसाठी ना वेळ राखून ठेवला गेला ना पैसा, ही चूक होती. आपण तेव्हा साधे पीएचपी (सर्व्हरवर चालणारी जुनी भाषा) घेतले असते आणि नंतर हात लावला नसता, तर परिणाम तोच झाला असता. पीएचपी ५.६ चा आधार ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला आणि मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारी तिच्यातली जुनी फंक्शने तर ७.० मध्येच, डिसेंबर २०१५ मध्ये, काढून टाकली गेली. त्यानंतरही त्या फंक्शनांवर उभ्या असलेल्या वेबसाइटी मी आपल्याच शहरात पाहिल्या आहेत. पीएचपी जुने आणि पारखलेले आहे म्हणून त्या सुरक्षित राहिल्या नाहीत. त्यामुळे ग्राहकाशी करार करताना वार्षिक देखभालीची रक्कम आणि तिच्यातून कोणती कामे होतील हे स्वतंत्र कलमात लिहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पंपाला दरवर्षी सील बदलावे लागते हे त्या कारखानदाराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वेबसाइटचेही तो समजून घेईल.

फ्रेमवर्क निवडताना मी त्याचा इतिहास पाहते. मागच्या मोठ्या बदलाच्या वेळी त्यांनी जुन्या वापरकर्त्यांना कसे वागवले? रिॲक्टमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक ही पानाचे घटक लिहिण्याची नवी पद्धत आली, पण आधीच्या पद्धतीने क्लास वापरून लिहिलेले घटक त्यांनी बंद पाडले नाहीत. ज्याला हवे त्याने सवडीने बदलावे, अशी मुभा राहिली. व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि दुसरीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत चालला. म्हणजे सव्वातीन वर्षे मिळाली, पण पूर्वीच्या कोडमध्ये हात घालावाच लागला. ही माहिती सर्वांसाठी उघडी आहे, आणि वेग मोजणाऱ्या तक्त्यांपेक्षा ती मला कितीतरी अधिक उपयोगी वाटते.

आपल्या सहकाऱ्याविषयी एक गोष्ट मनापासून सांगते. त्याला नुसते ‘नको’ म्हणत राहिलात तर तो एक दिवस दुसरीकडे जाईल, आणि नवे काय येते आहे हे सांगणारे माणूस आपल्याकडे उरणार नाही. त्याला एखादे खरे पण लहान काम द्या. उदाहरणार्थ, कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या गाड्यांची नोंद. त्यात त्याला हवे ते वापरू द्या. सहा महिन्यांनी त्यानेच त्याची आवृत्ती वाढवून दाखवावी. पहिल्या आठवड्यात सगळीच फ्रेमवर्के सुंदर दिसतात. खरी ओळख पहिल्या मोठ्या अद्ययावतीकरणाच्या वेळी होते.


रावपुरा :

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी थोडेच जोडतो.

वाचण्याविषयी : मी ‘बेसलाइन’ ही खूण पाहतो. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत एखादी सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ धरली जाते, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. कारखान्याच्या कामात मी दुसऱ्या खुणेपर्यंत थांबतो, कारण डिस्पॅच विभागातल्या माणसाच्या हातातला फोन बहुधा जुना असतो. महिन्यातून एक सकाळ एवढ्या वाचनासाठी पुरते. बाकीचे वाचले नाही म्हणून आजवर माझे काम अडलेले नाही.

लायब्रऱ्यांच्या संख्येविषयी : मार्च २०१६ मध्ये एनपीएम या पॅकेज-भांडारावरून ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोड जोडून वापरण्याजोगा करण्याचे काम) थांबले. त्यांपैकी बहुतेकांना ते आपल्याकडे आहे याचीही कल्पना नव्हती, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर बसून आले होते. म्हणून एक लायब्ररी घेताना तिच्याबरोबर आणखी किती येतात, ते मोजावे.

आपल्याकडे सूची गुजराती, मराठी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत लागते, तेव्हा हेही सांगतो की आकडे आणि तारखा यांसाठी आता लायब्ररीची गरज नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतली ‘इंटल’ ही अंगचीच सोय लाख-कोटींचे स्वल्पविराम बरोबर देते. मात्र मराठीसाठी ती आपणहून देवनागरी अंक वापरते आणि गुजरातीसाठी इंग्रजी अंक. वाचायला ते चांगले वाटते, पण हिशेबनिसाने तोच आकडा उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तर अडचण होऊ शकते. मागणीच्या पडद्यावर अंकपद्धती स्पष्टपणे इंग्रजी ठेवावी.


मांडवीकर (वडोदरा) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी आम्ही तिघांनी ही चर्चा एकत्र बसून वाचली आणि काही गोष्टी ठरवल्या. डेटाबेस आहे तसाच राहील. सूचीची पाने सर्व्हरवर पीएचपीतून तयार होतील आणि जावास्क्रिप्ट नसले तरी वाचता येतील. मागणीच्या पडद्यावर एकाच वेळी चाळीस-पन्नास ओळी भरायच्या असतात आणि प्रत्येक ओळीत दर, साठा आणि सवलत लगेच दिसावी लागते, म्हणून तेवढ्याच भागासाठी फ्रेमवर्क घेऊ. कोणते, ते माझा सहकारी ठरवील. ते एका फोल्डरच्या बाहेर पसरणार नाही, आणि का निवडले व काढायचे झाल्यास कसे काढावे, याचे एक पान तो आधी लिहील. त्याने ही अट आनंदाने मान्य केली, याचे मला समाधान वाटते. देखभालीचे कलम मी ग्राहकाला पाठवले आहे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. त्यांच्या व्हॉल्व्हवरच्या धातूच्या पट्ट्यांवर क्यूआर कोड कोरलेला आहे आणि त्यात जुन्या व्यवस्थेतला पत्ता आहे. अँगुलरजेएसच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्या पत्त्यात हॅशच्या (#) खुणेनंतर मालाचा क्रमांक येतो. अशा पट्ट्या बसवलेले व्हॉल्व्ह अनेक राज्यांतल्या कारखान्यांत आहेत. सर्व्हरवरून ते पत्ते नव्या पानांकडे वळवण्याचा प्रयत्न केला, पण सर्व्हरला क्रमांक दिसतच नाही.


सुरसागर :

तो दिसणारही नाही, कारण हॅशच्या खुणेनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. तो वाचण्याचे काम पानावरच करावे लागेल. जुन्या पत्त्यावरच्या मूळ पानात पाच-सहा ओळींची जावास्क्रिप्ट ठेवा. तिने हॅशनंतरचा क्रमांक वाचावा आणि वाचकाला त्या मालाच्या नव्या पानाकडे न्यावे. क्रमांक ओळखता आला नाही तर शोधाची चौकट दाखवावी. तिच्यात कोणतीही लायब्ररी नको, कारण ती त्या पट्ट्यांइतकी वर्षे चालली पाहिजे. जुने डोमेनही तोवर चालू ठेवावे लागेल. त्याच्या नूतनीकरणाचा खर्च त्याच देखभालीच्या कलमात घाला. आणि त्या ओळींच्या वर, कोणत्या वर्षांत बनलेल्या व्हॉल्व्हवर हे पत्ते कोरलेले आहेत, ते टिपणीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी त्या निरुपयोगी समजून पुसून टाकणार नाही.